चारही काचा खाली

पाऊस चांगला लागला होता आणि त्या गाडीच्या चारही काचा खाली होत्या.

नकटी दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहून पाऊस ओसरायची वाट बघत होती. रस्त्यावरचा जो तो अंग चोरून पळत होता, आणि हा एक शहाणा मात्र गाडीत बसून नखशिखांत भिजला होता. शर्ट अंगाला चिकटलेला, केस कपाळावर, नाकाच्या शेंड्यावरून थेंब टपकताहेत... आणि चेहरा असा, की हे सगळं ठरवूनच चाललंय. गाडी नेमकी तिच्या पुढ्यात येऊन थांबली.

"इथे जवळपास गाडीत लावायचं अत्तर कुठे मिळेल?"

"पावसात काचा वर करायच्या असतात," ती म्हणाली.

"केल्या तर मी जगत नाही."

तिला हसू आलं. ते लपवायला ती वाकली, खिडकीतून डोकं आत घातलं आणि हसू जागीच विरलं. आरशाला सुगंधी पुठ्ठ्यांचा घोस लटकत होता. लिंबू, मोगरा, शिवाय काहीतरी गुलाबी. आणि त्या सगळ्यांच्या खालून एक आंबूस, कुबट वास हळूच वर येत होता.

"अत्तर लावून आंघोळ चुकत नाही," डोकं बाहेर काढत ती म्हणाली.

"मी रोज करतो."

"मी गाडीचं म्हणतेय."

"मग ठीक. मला वाटलं, पहिल्याच भेटीत इतकं स्पष्ट..."

आता मात्र तिला हसू आवरलं नाही. तिने वरच्या पाटीकडे बोट दाखवलं. जुन्या गाड्या आतून साफ करून मिळतील, असं त्या पाटीवर लिहिलं होतं. त्याने पाटी वाचली, मग तिच्याकडे बघितलं, आणि गाडी सरळ आत घातली.

दुकान तिच्या मामाचं. मामाने आयुष्यभर लोकांच्या गाड्यांतली घाण उपसली आणि त्यात साबण, पावडरी, औषधं हुंगून हुंगून स्वतःचं नाक गमावलं. आता शेजारी दूध करपलं तरी त्याला पत्ता लागत नसे. म्हणून दुकान चालायचं भाचीच्या नाकावर, आणि भाचीचं नाक तर बसकं. लहानपणीच तिला नकटी नाव पडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ही म्हण मामा उठता-बसता ऐकवायचा. पण त्या बसक्या नाकाला गाडीत शिरल्याबरोबर कळायचं, की आधीचा मालक विडी ओढायचा, त्याच्याकडे कुत्रा होता आणि तो कुत्रा मागे डाव्या बाजूला बसायचा.

धंद्यात मामाचा नियम एकच. वास मारायचा नसतो, शोधायचा असतो. मारलेला वास भूत होऊन परत येतो.

भिजलेला माणूस निघाला गाडी शिकवणारा मास्तर. बरीच वर्षं दुसऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना क्लच-ब्रेक शिकवून आता त्याने स्वतःची शाळा काढली होती. शाळा म्हणजे ही एक जुनी गाडी, शेजारच्या सीटपुढे मास्तरांसाठी बसवलेला जादा ब्रेक आणि क्लच, आणि मागेपुढे लाल अक्षरातली 'एल'ची पाटी. गाडी त्याने थंडीतल्या एका सकाळी घेतली होती. विकणाऱ्याने काचा उघड्या ठेवल्या होत्या, अत्तरही भरपूर मारलं होतं. ऊन तापलं तसा गाडीचा खरा स्वभाव कळला.

"लग्नासारखंच की," मामा म्हणाला.

"अजून अनुभव नाही," मास्तर म्हणाला. बघितलं मात्र नकटीकडे.

तिने गाडी मन लावून साफ केली. सीट शांपूने घासल्या, छताचं कापड व्हिनेगरच्या पाण्याने पुसलं, गालिच्यावर खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवला आणि सकाळी मशीनने ओढून घेतला. सीटखाली कोळशाच्या वाट्या ठेवल्या. एसीची जाळी बदलली. चारही दारं उघडून गाडी दिवसभर उन्हात ठेवली. सगळे सुगंधी पुठ्ठे तिने आपल्या हाताने कचऱ्यात टाकले.

"आता चाचणी," ती म्हणाली. "काचा बंद करून एक मोठी चक्कर मारायची. मी हुंगते."

"चालवा मग."

"मला नाही येत."

तो बघतच राहिला. "आयुष्य गाड्यांत गेलं आणि चालवता येत नाही?"

"न्हावी स्वतःचे केस कापतो का?"

"पण त्याला कात्री धरता येते," असं म्हणत त्याने चालकाच्या बाजूचं दार तिच्यासाठी उघडलं.

अशी ती पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसली. क्लच हळू सोडायचा, तो सांगत होता. एकदम सोडला की गाडी रुसते आणि बंद पडते. नुसताच धरून ठेवला तर जागची हलत नाही. त्याचा आवाज शिकवताना अगदी खाली यायचा, झोपलेल्या कुणाला उठवायचं नसल्यासारखा. बंद काचांवर पावसाची भुरभुर, आत दोघांचे श्वास... वासाकडे लक्ष द्यायचं हे नकटी साफ विसरली. समोर शाळेच्या मैदानाची भिंत आली तेव्हा तीही तिला दिसली नाही.

"अगं, ब्रेक!"

त्यानेच आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी भिंतीपुढे थांबली.

"अगं?" तिने विचारलं.

"भिंत समोर आली की अहो-जाहो सुचत नाही." मग जरा थांबून तो म्हणाला, "परत अहो म्हणू?"

"नको," ती म्हणाली. कान तापले होते. "राहू दे."

गाडीत वास राहिला नव्हता. निदान त्या दिवशी तरी.

चार दिवस कडक ऊन पडलं आणि मास्तर परत दारात उभा राहिला, चारही काचा खाली करून. वास आला होता. यायलाच हवा होता, कारण तो सापडलाच नव्हता. या खेपेला नकटीने पान्हे घेतले आणि शेजारची सीट बोल्ट काढून बाहेर ठेवली. गालिचा कडेने उचलला. खाली जाड नमद्यासारखा थर असतो, गाडीचा आवाज दाबायला. त्यात एका जागी बोट कडक झालेल्या पिवळट डागावर टेकलं. तिने नाक जवळ नेलं. दूध. कधीतरी आधीच्या मालकाकडून सांडलेलं, वरवर पुसलेलं आणि आत मुरलेलं. मास्तर रोज ज्या सीटवर बसून शिकवायचा, नेमकं तिच्याच खाली.

सापडला होता. तेवढा तुकडा कापायचा, खालचा पत्रा धुऊन सुकवायचा, नवा थर बसवायचा. मग ही गाडी पुन्हा कधी या दारात यायचं कारण नव्हतं.

तेवढ्यात मास्तर चहाचे दोन कप घेऊन आला. एक तिच्या हातात देताना त्याने कपाचा कान आधी तिच्याकडे फिरवला, म्हणजे तिला धरायला सोपं जावं.

"आज पण चाचणी ना?" तो म्हणाला. "आज गाडी मागे घ्यायला शिकवणार होतो... सापडला का?"

नकटीने गालिचा खाली सोडला.

"अजून नाही," ती म्हणाली.

एवढंच खोटं. दोन शब्दांचं. पुढच्या खेपेला काढूच की, असं तिने मनाशी म्हटलं, आणि ते तिला अगदी खरं वाटलं. प्रेमात पडलेल्या माणसाला पुढची खेप नेहमी फार जवळ दिसते.

त्या डागावर तिने मूठभर सोडा दाबून भरला आणि गालिचा परत बसवला. सोड्याने वास मरत नाही, चार-पाच दिवस झोपतो. मग उठतो. आणि उठला की मास्तर यायचा. दर आठवड्याला असंच चाललं. ती गाडी मागे घ्यायला शिकली, चढावर धरायला शिकली, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत घालायला शिकली. एकदा चढावर गाडी घसरायला लागली तेव्हा त्याचा हात गियरवर आला, तिचा आधीच तिथे होता... आणि चढ संपून सपाट रस्ता लागला तरी दोघांनाही गियर बदलायची आठवण झाली नाही. गाडी धापा टाकत होती.

"तिसरा," शेवटी तो म्हणाला.

"काय?"

"गियर. तिसरा टाक."

परत येताना तो विद्यार्थ्यांच्या गमती सांगायचा. बँकेतल्या बाई तोंडाला रुमाल बांधून येतात, दरोडा घालायला निघाल्यासारख्या. एक निवृत्त आजोबा सगळ्यात गुणी, कारण सर्दीने त्यांचं नाक कायम बंद. दोघी बहिणी शिकायला येतात, त्यातली एक चालवते आणि दुसरी खिडकीबाहेर मान काढून बसते. नकटी पोट धरून हसायची. तोही हसायचा. त्या हसण्याखाली काय मुरलंय ते मात्र तिच्या नाकाला कधी कळलं नाही. माणसांच्या बाबतीत तिचं नाक साधंच होतं.

ते कळलं बाजारात. ती भाजी घेत होती आणि मास्तरची गाडी समोरून आली. आत तो एकटाच. रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांनी नाकं दाबली आणि सुरात ओरडली, "नासकी गाडी आली, नासकी गाडी!" दुकानदारही हसला. "त्या मास्तरकडे आता कुणी जात नाही," पिशवी भरत तो म्हणाला. "बँकेतल्या बाई दुसरीकडे लागल्या. त्या बहिणींनाही घरून बंदी झाली, कपड्यांना वास येतो म्हणून." मास्तरने पोरांना हात केला. त्याच हसऱ्या तोंडाने, ज्याने तो तिला गमती सांगायचा.

भाजी तिथेच राहिली. ज्या गाडीला ती दर आठवड्याला सोडा पाजून झोपवत होती, ती या माणसाची भाकरी होती, आणि इतके दिवस हे तिला दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं की बघायचं नव्हतं, हे तिने स्वतःला विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. तो आला की त्याच दिवशी डाग काढायचा, तिने ठरवलं.

पण तो त्या आठवड्यात आला नाही. पुढच्याही नाही. ती रोज दुकानाच्या दारात येऊन रस्ता बघायची, आणि मामा काही न विचारता रेडिओ मोठा करायचा.

मग एका सकाळी गाडी आली. काचा खालीच होत्या. मास्तर उतरला, पण आज हातात चहा नव्हता.

"आज फार खटपट नको," तो म्हणाला. "नुसतं अत्तर मार. दुपारी एक कुटुंब गाडी बघायला येणार आहे."

"बघायला म्हणजे...?"

"घ्यायला." त्याने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. "मला लांबच्या गावी कंपनीची बस चालवायचं काम मिळालंय. सोमवारी हजर व्हायचंय. शाळा बंद केली. आजोबा तेवढे हळहळले."

तिला बोलायचं होतं. तो निघून गेला.

मग जे काम तिने इतके आठवडे पुढे ढकललं, ते तिने एका दमात उरकलं. सीट काढली, गालिचा उचलला. मामा मदतीला आला आणि वाकून बघत राहिला. डागावर सोड्याचे थर बसले होते, एकावर एक, जुना खाली आणि नवा वर. मामाने बोटाने थोडा उकरला आणि बोट पुसलं.

"नकटे," तो म्हणाला, "नाक माझं गेलंय. डोळे नाही."

त्याने कातर आणून दिली आणि तुकडा कापताना दुसरं टोक धरलं. पत्रा धुतला, पुसला, उन्हात तापवला, नवा थर बसला. अत्तर तिने मारलं नाही.

मास्तर आला तो जेवणाच्या वेळेनंतर. सवयीने तो शेजारच्या सीटवर बसला आणि ती स्टिअरिंगमागे. तिने चारही काचा वर केल्या. बाहेरचा रस्ता एकदम गप्प झाला. त्याने श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"गेला," तो हळूच म्हणाला. मग त्याचा चेहरा असा फुलला, की तिला बघवेना. "अगं, गेला की! कुठे सापडला?"

"तू बसतोस त्याच्या खाली. दूध सांडलेलं होतं."

"आणि आज सापडलं. आजच." तो हसला. "माझं नशीब बघ."

नशिबावर ढकलून सोडून देता आलं असतं. त्याने आपणहून वाट करून दिली होती. तो हसत गेला असता, आणि तिच्या कामाचं कौतुक करत गेला असता.

"आज नाही," ती म्हणाली. "दुसऱ्याच खेपेला सापडला होता. तू चहा घेऊन आलास ना... तेव्हा."

आधी त्याला ती थट्टा वाटली. मग वाटली नाही.

"म्हणजे बँकेतल्या बाई सोडून गेल्या, त्याच्या आधी?"

"हो."

"दोघी बहिणी?"

"...हो."

आजोबांचं त्याने विचारलं नाही. बोटांनी गुडघ्यावर ताल धरायची त्याची सवय होती. आज बोटं स्थिर होती.

"का?"

"तू येत राहावास म्हणून," ती म्हणाली. आवाज फुटला, पण वाक्य पुरं झालं. "वास गेला असता तर तू कशाला आला असतास? मला... मला तू आवडतोस. हे आधी सांगायला हवं होतं. मी गाडीलाच बोलायला लावलं."

तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो रागावला नाही.

"अर्ध्या खेपा मी वासासाठी येतच नव्हतो," तो म्हणाला. "तू एकदा तोंडाने 'परत ये' म्हणाली असतीस ना, तर मी धुतलेल्या गाडीतून आलो असतो." मग थांबून, अगदी शिकवतानाच्या खालच्या आवाजात तो पुढे म्हणाला, "मीही कुठे बोललो? म्हटलं, शाळा जरा उभी राहू दे. मग तोंड उघडू. रिकाम्या हाताने काय विचारायचं एखाद्या मुलीला?"

नकटीने डोळे मिटले. तो तिला विचारणारच होता, आणि ज्या दिवशी विचारणार होता तो दिवस तिनेच, मुठीमुठीने सोडा भरून, गालिच्याखाली दाबून टाकला होता.

"आता वास नाही," ती म्हणाली. "आता पुन्हा सुरू नाही का होणार... शाळा?"

"गाडीचा वास जातो. नावाचा जात नाही." त्याने घड्याळ बघितलं. "आणि तिकडे मी शब्द दिलाय. चल. ते लोक चौकात थांबलेत. तूच घे गाडी."

तिने क्लच हळू सोडला. गाडी रुसली नाही, बंद पडली नाही. चौकापर्यंत त्याला आपल्या बाजूचा ब्रेक एकदाही दाबावा लागला नाही, आणि आज तरी लागावा असं तिला फार वाटत होतं.

चौकात एक जोडपं उभं होतं, बाईच्या कडेवर मूल. नवऱ्याने गाडीभोवती फेरी मारली, आत डोकं घालून हुंगलं. "जुनी वाटतच नाही हो," तो खूश होऊन म्हणाला. तोवर मास्तरने मागची 'एल'ची पाटी सोडवली, मग पुढची. एक स्वतःच्या पिशवीत टाकली. दुसरी नकटीच्या हातात दिली.

"लायसन्स काढ," तो म्हणाला. "तोवर लागेल."

मुलाच्या हातात दुधाची बाटली होती आणि तिचं बूच सैल होतं. मास्तरचं लक्ष तिकडे गेलं. त्याने ते बूच स्वतःच घट्ट बसवलं.

"एक सांगू?" तो त्या बाईंना म्हणाला. "गाडीत दूध सांडलं तर वरवर पुसून राहू देऊ नका. त्याच दिवशी यांच्या दुकानात या. कामात पक्क्या आहेत. फक्त उशीर करायचा नाही."

बाईंनी मान डोलावली. नकटी हातातल्या पाटीकडे बघत राहिली.

मास्तरला तिकडे नेणारी बस समोरच उभी होती. त्याने पिशवी खांद्याला लावली, दोन पावलं गेला. त्या दोन पावलांत तिने सगळा धीर गोळा केला.

"परत ये," ती म्हणाली.

तो वळला. "गाडी विकली की गं."

"गाडीशिवाय ये."

तो तिच्याकडे असा बघत राहिला, की कंडक्टरला दोनदा हाक मारावी लागली.

"बघू," तो म्हणाला, आणि बसमध्ये चढला. खिडकीत बसल्याबरोबर त्याने काच खाली केली. बस वळेपर्यंत ती खालीच होती.

ती चालत दुकानात परतली. एक नवी गाडी येऊन उभी होती, म्हणजे जुनीच, कुणाची तरी. मामाने तिच्या हातातली पाटी बघितली आणि ओठांवर आलेली म्हण गिळली. तिने पाटी हत्यारांच्या वर खिळ्याला अडकवली, पान्हे घेतले आणि सरळ मागची सीट बाहेर काढून गालिचा उचलला.

"सापडला का?" थोड्या वेळाने मामाने विचारलं.

"सापडला," ती म्हणाली. लगेच.